पाय नसलेल्या देव्या

व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मी वेल्ह्याच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा जीव लावावा अशी माझ्याजवळ एकच वस्तू होती. आंबवड्याजवळच्या आमच्या वाडीत, आईच्या घरी, कणगीमागे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात चित्रं होती. राजवाड्यात टांगतात तसली नव्हेत. भोरच्या बाजारात कापडाच्या ताग्यांवर गिरणीवाले चिकटवत ती, साबणाच्या जाहिरातींतली, पुण्याहून येणाऱ्या मासिकांतली. लोक ती टराटरा फाडून फेकत. मी दुकानदाराची आर्जवं करून, ओल्या फडक्यानं डिंक सोडवून, ती अख्खी घरी आणत असे.

दिसेल ते चित्र मात्र मी जमवत नसे. मला एकाच चित्रकाराची हवी असत. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. चित्राच्या कोपऱ्यात तो एक बारीकसं पान काढी, तेवढीच त्याची सही. पण पान शोधायची मला गरजच पडत नसे. त्याच्या प्रत्येक बाईची खालची पापणी किंचित जड असे, आत्ताच रडून तोंड धुऊन आल्यासारखी. लक्ष्मीला तीच पापणी, सरस्वतीला तीच, आणि साबणाची वडी हातात धरून हसणाऱ्या बाईलाही तीच. एका मासिकात तो हसायची चित्रंही काढी. चार चौकटी आणि त्यांत एका ढेरपोट्या मामलेदाराची चार वेळा फजिती. फेटा डोक्यापेक्षा मोठा, तोंड उघडं, आणि डोळ्यांना पुन्हा तीच पापणी! वाचणारे खो खो हसत. मला मात्र त्या मामलेदाराची फार दया येई.

त्याची आणखी एक गोष्ट मी हेरली होती. त्याला पाय काढता येत नसत. लक्ष्मीचे पाय कमळाच्या पाकळ्यांत, सरस्वतीचे मोराच्या पिसाऱ्याआड, साबणवाली गुडघाभर पाण्यात, आणि मामलेदार चारी चौकटींत टेबलामागे. एवढा हुन्नरी माणूस, पण पायांपाशी आला की कसा पळ काढतो बघा! त्यामुळेच तो मला घरच्यासारखा वाटे.

पण हे सांगायचं कुणाला? हेडमास्तर म्हणाले, “मास्तर, गिरणीच्या चिठ्ठ्या कसल्या जपताय? पोरं हसतील.” बरोबरच्या मास्तरांना एक चित्र घरून नेऊन मोठ्या हौसेनं पापणी दाखवली, तर ते म्हणाले, “बाई झकास आहे.” माझा स्वभाव मूळचाच तापट. त्या दिवसापासून मी कुणाला काही दाखवलं नाही. पण जवळ बसून ते चित्र बघणारं एक माणूस मिळावं, असं फार वाटे. आईला विचारायचं कधी मनातही आलं नाही. ती शेतात राबणारी, अक्षरशत्रू, तिला त्यातलं काय कळणार, असं मी धरूनच चाललो होतो. “कागद आहेत, हात लावू नको,” एवढंच मी तिला बजावलं होतं.

एका वर्षी भाद्रपदात मला मुदतीचा ताप आला. गावकऱ्यांनी डोलीत घालून डोंगरापलीकडे आईकडे पोचवलं. भोरच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली आणि मुदत भरेपर्यंत वाट बघा म्हणाले. तापात मी बरळत होतो म्हणे, की ट्रंकेत देव्या आहेत, त्यांचे डोळे भरून आलेत. वडील मी लहान असतानाच गेलेले, मी एकुलता एक. आई घाबरली आणि तडक गुरवाकडे गेली. गुरवानं गावदेवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. पोरानं देव्या कोंडून ठेवल्यात, त्याचा हा कोप आहे का? उजवी पाकळी पडली, म्हणजे होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुरता शुद्धीवर होतो. आईनं ट्रंक ओढून माझ्या खाटेसमोर आणली आणि पाटावर एकेक चित्र मांडलं.

“देव्या हायेत रं ह्या,” ती म्हणाली. “पूजा न्हाई, निवद न्हाई, अंधारात कोंडल्यात. आता मानानं पाण्यात सोडते त्यास्नी. सुखानं जावा म्हनून सांगते.”

प्रत्येक चित्र ती दोन्ही हातांनी उचलायची, बराच वेळ बघायची, मग ओल्या बोटानं हळदकुंकू लावायची. रंग ओघळत होते. ह्या पूजेच्या देव्या नव्हेत, आये, हे कुणीतरी जीव ओतून काढलंय, असं मला ओरडायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती. सगळा जोर एकवटून मी एक हात उचलला.

“नमस्कार करतोस व्हय, लेकरा?” असं म्हणून तिनं माझा दुसरा हात उचलला आणि त्याला जोडून दिला. मी तसाच हात जोडून पडून राहिलो.

सगळी चित्रं पाटीत भरून, पाटी डोक्यावर घेऊन ती ओढ्याच्या डोहाकडे गेली. परत आली तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गुरवाचा मान वाढला. मुदत भरली म्हणून उतरला, हे मी कुणाला पटवणार? राग तर असा आला होता की भांडी फेकावीत. पण त्या बाईनं माझ्या उशाशी बसून डोळ्याला डोळा लावला नव्हता. तिच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं, आणि राग काही केल्या जात नव्हता.

एका दुपारी ती मला पेज भरवत होती. मी मुद्दाम टोचून विचारलं, “आये, त्यात एक फेटेवाला मामलेदार होता. त्यालाबी कुंकू लावलंस?”

“बाप्याला कुंकू कशाला लावीन? गंध लावलं.”

“अगं, पण तो देव कुठं होता!”

“त्यांच्यातलाच की त्यो. डोळं बगितलंस का त्याचं? समदी एकाच मान्साच्या हातची.”

माझ्या तोंडातली पेज तोंडातच राहिली.

“एकच खटकलं बग,” ती पुढं म्हणाली. “देवीच्या पायावर आदी कुंकू वाहायचं आसतं. म्या एकेकीचं पाय हुडकलं. कुनाचं फुलात, कुनाचं पान्यात. मंग कळलं. त्या मान्साला पायच येत न्हाईत. लाजून झाकतोय बिचारा.”

मला रडू आलं. अशक्तपणामुळे असेल असं समजून तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग जरा वेळानं, भीत भीतच तिनं विचारलं, “येखादं ऱ्हायलंय का रं? नीट बगितलं आसतं दोगांनी.”

एखादं तळाला चिकटून राहिलं असेल म्हणून मी कणगीमागे परत ठेवलेल्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. तिनं जाऊन ट्रंक उघडली, तळापर्यंत हात फिरवला, आणि तशीच वाकलेली माझ्याकडे बघत म्हणाली, “समदीच का नेली म्या?”