परचुरे सरांचं पाणी

प्रयोगशाळेत नोकरी केली की बाटल्या फुटत जातात आणि किस्से साठत जातात. चाळीसच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. रसायनशास्त्राला परचुरे सर, मदतीला शिपाई शिदू. सर पहिला महिनाभर नुसतं पाणीच शिकवायचे.

*

शिदूनं एकदा डिस्टिल्ड वॉटर पिऊन पाहिलं. वाफ थंड करून केलेलं, अगदी शुद्ध. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"लय बेचव. ह्या पान्याला गावच न्हाई, साहेब."

पाणी वाटेतलं सगळं थोडं थोडं विरघळवून घेतं, चव त्याचीच असते, हे सर तासभर समजावायचे. त्या दिवसापासून त्यांचा तास शिदूच्या वाक्यानं सुरू व्हायला लागला.

*

तासगावकडचा एक फौजी सुट्टीवर आला होता. पलटणीतनं आणलेल्या साबणाला घरी फेसच येईना, म्हणून बायको म्हणायची, "तुमाला फसवलं." शेवटी तो साबण घेऊन सरांकडं आला.

सरांनी त्याच्या विहिरीचं पाणी मागवलं. त्यात धुण्याचा सोडा टाकला. तळाशी पांढरा गाळ बसला आणि वरच्या निवळीत साबण मस्त फेसाळला.

"साबण खरा आहे. तुमच्या पाण्यात चुना आहे."

"एवढं कागदावर लिहून द्या, सर," फौजी म्हणाला. "घरी दावायचंय."

*

एका उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. दवाखान्यात सलाईन बनवायला डिस्टिल्ड वॉटर कमी पडू लागलं. सरांनी दोन दिवस आमच्या शेगड्या विझू दिल्या नाहीत. शिदूची बहीणही त्याच दवाखान्यात पटकीनं पडली होती. तो तिकडं बाटल्या पोचवत होता. शेवटी त्यानं विचारलंच.

"आवं सर, आपन एवढं शुद्ध करतोय. मग डाक्टर त्यात मीठ का घालत्यात?"

"नुसतं शुद्ध पाणी शिरेत गेलं तर रक्तातल्या पेशी फुटतात, शिदू. मीठ घातलं की रक्त त्याला आपलं म्हणतं."

तिसऱ्या दिवशी बहीण उठून बसली. म्हणाली, "दादा, च्या मिळंल का?"

शिदू प्रयोगशाळेत येऊन रडला. मग शेगडी पेटवून पुन्हा कामाला लागला.

*

बिरू हा आमचा विद्यार्थी आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरचा. एका साली तिकडं पाऊस हुकला. मेंढरं घेऊन पाण्यासाठी लांब जायचं, हाताला माणूस हवा, म्हणून त्याचे वडील, म्हाळू तात्या, त्याला कायमचं घरी न्यायला आले.

तेव्हा सर पाण्यात वीज सोडून त्याचे दोन वायू वेगळे करून दाखवत होते. तात्या दारातच उभे राहून बघत राहिले.

"मास्तर, पानी फोडायचं कळलं," ते म्हणाले. "आता जोडून दावा. आमच्याकडं जोडलेलंच लागतंय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी हायड्रोजन बारीक नळीतून सोडून पेटवला आणि ज्योतीवर थंड काच धरली. काच आधी धुरकटली, मग ओली झाली. शेवटी तिच्या कडेला एक थेंब लोंबला.

तात्यांनी तो बोटावर घेतला, डोळ्यांना लावला आणि बोट जिभेवर टेकवलं. मग बिरूकडं वळले.

"मेंढरं मी नेतो. तू ऱ्हा. मोठा थेंब कसा करायचा, ते शिकून ये."