कडुबा हवालदाराच्या कपाळावरची खोक

हर्सूलच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला, की त्याला आधी नळाची वेळ सांगतात आणि लगेच कडुबा हवालदाराच्या कपाळावरच्या खोकेची गोष्ट. लडाखात चिन्यांची गोळी कपाळाला चाटून गेली म्हणे, आणि हवालदार मिशीला पीळ देत उभा! दुसऱ्या दिवशी भाडेकरू कडुबाला दिसेल तिथं सलाम ठोकतो.

सगळी थाप. खोक दोन वर्षांपूर्वीची, आपल्याच गल्लीतल्या दगडाची. तिची मुळं मात्र लडाखात आहेत, एवढं खरं.

कडुबा मूळचा फुलंब्रीकडचा. पोरपण मक्याच्या मचाणावर पाखरं राखण्यात गेलं. त्याच्या गोफणीचा दगड कणसावरचा पोपट उडवायचा, कणसाला धक्का लागायचा नाही. फौजेत गेला तरी ट्रंकेत गोफण होतीच. चौकी पडली लडाखच्या चांगथांग पठारावर. शेजारी याकच्या काळ्या लोकरीच्या तंबूंत राहून शेळ्या राखणारे चांगपा लोक, आणि त्यांच्याही कमरेला गोफण! लोकरीची, एवढाच फरक. म्हातारा उर्ग्येन, ज्याला सगळे मेमे म्हणजे आजोबा म्हणत, त्यानं कडुबाची गोफण उलटीपालटी करून पाहिली, आपली त्याला देऊन टाकली, आणि सोयरीक जमली. त्या सोयरिकीपायी कडुबा लोण्याचा खारट चहा नाक दाबून पीत राहिला.

एका हिवाळ्यात लांडगी मेमेच्या शेळ्यांच्या वाड्यात शिरली. बत्तीस शेळ्या फाडल्या, खाल्ली एक. कुणाची आतडी बर्फावर, कुणी फाटक्या गळ्यानिशी अजून पाय झाडतेय. चांगपांकडं अशा वेळेसाठी दगडी खड्डा असे, तळाला रुंद, तोंडाशी अरुंद. आत आमिष बांधायचं. लांडगा उडी टाकतो, पण वर चढता येत नाही. चौथ्या दिवशी लांडगी आत सापडली.

अख्खी वस्ती कडेला जमली. त्यांची रीत अशी, की प्रत्येकानं दगड घ्यायचा, मान फिरवायची आणि सगळ्यांनी एकदम टाकायचा. जीव कुणाच्या दगडानं गेला, ते कुणालाच कळता कामा नये. बायका रडत रडत मंत्र पुटपुटत होत्या. पाहुणा म्हणून कडुबालाही बोलावलेलं, आणि नेमकं तिथंच फुलंब्रीच्या नेमबाजाच्या अंगात आलं! त्यानं मान फिरवली नाही. गोफण दोनदा गरगरली आणि लांडगीची कवटी नारळासारखी फुटली.

शाबासकीसाठी कडुबानं मागं पाहिलं. एकेकानं हातातला दगड गुपचूप खाली ठेवला होता.

मेमेनं त्याचं मनगट धरलं. "पाप सबका थोड़ा-थोड़ा था, बेटा. तूने पूरा ले लिया."

खड्ड्याशेजारी त्यांनी लहानसा स्तूप रचला. पहिला दगड कडुबाकडून ठेवून घेतला. पुढच्या वर्षी खड्ड्यात दगडांचा उतारही केला, सापडलेलं जनावर चालत निघून जावं म्हणून. कडुबा पेन्शनीत आला, हर्सूलला घर बांधलं. त्यानंतर त्याच्या गोफणीनं कबुतराचंही पीस पाडलं नाही. ती फक्त हवेत फटकारायची, बायको वच्छलाबाईच्या कुरडया राखायला.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारीही सकाळी दहाला तो गच्चीवर कुरडयाच राखत होता. आठवडाभर मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. तेवढ्यात गल्लीत बऱ्हाणपूरचा एक चादरवाला आला आणि कुणीतरी ओरडलं, "हाच त्यो!" झालं. दुकानदार, पेन्शनर, भाजी घ्यायला निघालेले, सगळे त्याच्या मागं. चादरवाला पळता पळता नव्या इमारतीच्या टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यात कोसळला. पायाचं हाड कातडीतून बाहेर आलं. वरून लाथा मारता येईनात, म्हणून लोकांनी विटा उचलल्या. पहिल्या दोन-तीन विटांत त्याचा कान फाटला, दात पडले.

तात्यासाहेब म्हणजे गल्लीतले शहाणे, कचेरीतून निवृत्त झालेले. दोन्ही हातांत वीट धरून ते समजावू लागले, "एकेकानं मारू नका रे! सगळे मिळून एकदम मारा, म्हंजे केस कोणावरच नाय."

हे वाक्य गच्चीवर पोचलं आणि कडुबाच्या हातातली गोफण थांबली. कडेला जमलेली माणसं, खाली सापडलेला जीव, सगळं तेच. फक्त इथं रडत कुणीच नव्हतं.

फाट्! तात्यांच्या हातातल्या विटेचा भुगा झाला. तात्या मटकन खाली बसले. माणसं वर बघेपर्यंत कडुबा जिना उतरून, गर्दी फाडून थेट खड्ड्यात. चादरवाल्याला पाठीशी घालून तो गरजला, "मारा! पण मारायच्या आधी नाव सांगायचं. आपलं, बापाचं, गावाचं. मंग टाका दगड."

शेजारचा सर्जेराव पुढं होता, तो हळूच मागं सरकून घामाघूम माणसांआड झाला.

"हवालदार, बाजूला व्हा! त्यो चोर हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"हाय ना? मंग सांग की नाव!"

आणि गर्दीच्या मागून एक दगड आला. कडुबाचं कपाळ उभं फाटलं, डोळे रक्तानं भरले. तो हलला नाही. "एक झाला," म्हणाला. "याचं नाव?"

तोवर वच्छलाबाई पोलिसांना फोन लावून, हातात कुरडयांचा पितळी सोऱ्या घेऊन पोचल्या होत्या. पहिला दणका तात्यांच्या पाठीत. "भाड्या, माझ्या नवऱ्याला मारतो व्हय?" तात्या बिचारे खालीच बसलेले, पण सोऱ्या कुणाचं ऐकतो! दोघांची डोकी फुटली, गर्दी पांगली.

चादरवाला वाचला. लंगडतो, पण वाचला. वच्छलाबाईच्या कुरडया आता त्यानं पाठवलेल्या चादरीवर वाळतात.

कडुबाला अकरा टाके पडले. पोलिसांना तो म्हणाला, डोळ्यांत रक्त होतं, दिसलं नाही. त्यावर विश्वास ठेवावा, तर हा माणूस अजूनही गच्चीवरून नळावरच्या बायकांच्या घागरी ओळखतो.

टाके पडले त्या दिवसापासून सर्जेराव रोज संध्याकाळी येतो. कधी हळद घातलेलं दूध, कधी पपई. इकडचं तिकडचं बोलून शेवटी गाडी त्या दगडावरच. परवा तर आख्ख्या कट्ट्यासमोर त्यानं कडुबाचा हात धरला.

"हवालदार, आज सांगाच. तुम्ही पाह्यलं आसंल. कोणाचा व्हता त्यो दगड?"

कडुबानं पपईची फोड तोंडात टाकली, सावकाश चावली, बी थुंकली आणि म्हणाला, "ज्याचा व्हता, त्योच रोज इचारायला येतो."