आधी बांधायचं, मग कापायचं

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ओली चादर दोन टोकांना धरून पिळली होती.

आता मी परत कामावर. बंद पडलेल्या अणुभट्टीची भिंत कापतोय आम्ही. आधी भोकं पाडून तुकडा क्रेनला बांधायचा, मगच हिऱ्याचे कण बसवलेली कापायची तार फिरवायची. भिंतीत किरणं मुरलीत, तुकडा पडून फुटला तर धूळ आमच्याच अंगावर. काल शेवटची बोटभर भिंत उरली तेव्हा आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो.

तार भिंत कापून आरपार निघाली. तुकडा जरासा हलला आणि लटकून राहिला.

माणसाला असं कोण बांधून ठेवतंय? आईच्या दिवसांना लेक आली होती की, "बाबा, राहू का?" म्हणत. "कशाला? मी काय पडतोय?" म्हणून मीच तिला परत धाडलं.

आज सकाळी तिला फोन केला. "ये," म्हटलं, "आणि जायची घाई करू नको."