कस्तुराबाईला कोणी विचारलं नाही

कस्तुराबाई लग्न होऊन किन्हीराजा गावात आली, तेव्हापासून भासऱ्यांसमोर तिचा पदर नाकाखाली असायचा. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मारोतराव. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर बसायचं नाही, ते ओट्यावर असले तर मागच्या दाराने बाहेर पडायचं. मारोतरावही तिचं नाव घेत नसत. "जगदेवच्या बायकोले सांगा," एवढंच. पेरायला, निंदायला, वेचायला ही बाई. कापसाला काय भाव आला ते कळायचं मात्र दोघा भावांना. आठवडी बाजार तिने कधी पाहिला नव्हता. जगदेव बायकोवर हात उचलत नाही, असं लोक कौतुकाने सांगत. कौतुकाने! माणसाने माणसाला मारलं नाही, याचंही कौतुक असतं आपल्याकडे.

चोपन्न साली जगदेव तापाने गेला. मागे कस्तुराबाई आणि दहा-अकरा वर्षांची रुख्मिणी. तेरावा उरकतो न उरकतो तोच मारोतरावांनी सगळं ठरवून टाकलं. त्यांच्या शेषरावाने जगदेवच्या घरात दत्तक जायचं, वावर त्याचं व्हायचं, आणि रुख्मिणीला शेलूबाजारच्या एका बिजवराच्या गळ्यात बांधायचं. दत्तक मुलगा आला की पोरीचा जमिनीवरचा हक्क संपायचा. तेव्हाचा कायदाच तसा होता. आणि शेषराव काही तान्हं बाळ नव्हता. चांगला मिशीवाला, बायको-पोरांचा धनी.

मी तेव्हा गावात मुलींना शिकवत होते. त्याच सुमारास ग्रीस देशाच्या जुन्या इतिहासाचं एक पुस्तक हाती आलं होतं. अथेन्समध्ये भाऊ नसलेल्या पोरीचा बाप मेला की तिचं लग्न बापाच्या जवळच्या नातलगाशी लावून देत, म्हणजे जमीन घराण्यात राही. बाई जन्मभर कुणा ना कुणा पुरुषाच्या ताब्यात. आणि तिथल्या लोकशाहीचे गोडवे आम्ही पोरींकडून घोकून घेत होतो! माझं डोकंच तडकलं. मारोतरावांनी त्या अथेन्सचं नावही ऐकलं नव्हतं, तरी अक्कल तीच.

दत्तकाच्या दिवशी ओटा भरला. पाटील आले, भाऊबंद आले, जवळच्या मालेगावहून भटजी आले. मी बायकांत दाराशी उभी होते. मारोतरावांनी मुहूर्त भटजींना विचारला होता, जेवणाचा बेत भाऊबंदांना. कस्तुराबाईला कोणी काही विचारलं नव्हतं. रीत अशी, की बापाने "दिला" म्हणायचं, विधवेने "घेतला" म्हणायचं आणि मुलाला मांडीवर घ्यायचं. तिने घेतल्याशिवाय दत्तक होत नाही. ती नाही म्हणू शकते, हे त्या सगळ्या शहाण्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कस्तुराबाई पाटावर बसली. "दिला," मारोतराव म्हणाले. शेषराव तिच्या मांडीवर टेकायला वाकला. तेवढ्यात तिने शेजारी उभ्या रुख्मिणीचा हात धरून तिला ओढलं आणि आपल्या मांडीवर बसवलं. त्या ओढाताणीत पदर खांद्यावर आला. तिने तो सावरला नाही.

"माही मांडी भरेल हाय, महाराज," ती भटजींना म्हणाली. "दुसऱ्याले जागा नाई."

मारोतराव ताडकन उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलले. "मेल्यावर तुले आग कोन देईन? हे पोरगी?"

"मेल्यावर ओढून टाका मले कुठंबी," कस्तुराबाई म्हणाली. "जित्ती हाय तोवर माह्या पोरीले कोनाच्या गळ्यात बांदू देनार नाई. अन् तिचं वावरबी देनार नाई."

भटजींनी पंचांग मिटलं. बाई घेत नसेल तर दत्तक नाही, एवढं बोलून ते उठले. जेवणं तशीच राहिली.

भाऊबंदांनी तिला वाळीत टाकलं, तिच्या वावरात मजूर जाऊ नयेत म्हणून दम भरला. मायलेकींनी हाताला घट्टे पाडून वावर राखलं. रुख्मिणीचं लग्न पुढे कामरगावला झालं, ती मोठी झाल्यावर आणि तिला विचारून.

अजूनही कस्तुराबाईचा विषय निघाला की गावातले म्हातारे मान डोलावतात. "बाई मोठी मर्दावानी होती," म्हणतात. माझं पित्त खवळतं. मर्द तर त्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती इतके होते. त्यांतला एकही तिच्या बाजूने बोलला नाही.