पदरातली ज्वारी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात चाकणजवळ सरकारने रस्त्याचे काम काढले आणि नुकताच बी.ए. झालेला मी तिथे हजेरी-कारकून म्हणून लागलो. राहायला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे होतो. माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिच्या नवऱ्याने, आमच्या दाजींनी, जोडीतला एक बैल विकला होता. उरलेला बैल शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जुंपून ते शेत करीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्या बैलामुळे झालो, हे मी कधी विसरलो नाही. दाजींनीही विसरू दिले नाही.

ती दोघेही आमच्याच कामावर खडी फोडायला येत. मजुरी रोख हवी की परदेशातून आगबोटीने आलेली तांबडी ज्वारी, हे मजुरांना विचारून मी मामलेदारांना कळवायचे होते. सगळ्यांना एकच काहीतरी मिळणार होते.

पुरुष एका तोंडाने म्हणाले, रोख. दाजींना कडबा घ्यायचा होता. बैलाच्या बरगड्या दिसत होत्या. त्यांच्या धाकट्या मुलीच्याही दिसत होत्या. चालायचे वय होऊनही ती भिंत धरूनही उभी राहत नव्हती.

पुरुषांदेखत बाया बोलायच्या नाहीत, म्हणून मी खडीच्या ढिगाशी जाऊन त्यांना वेगळे विचारले. अक्काने हातोडा थांबवला नाही.

"दाणं दे. पैसा ह्यांच्या हातात पडतो. दाण्यासाठी ह्यातला एक बी बाप्या उपरणं पसरायचा न्हाई, भीक घेतल्यावानी वाटतं त्यास्नी. दाणं आमच्या पदरात येतं."

बाकीच्या बायांनीही तेच सांगितले. कामावर बायाच जास्त होत्या. मी ज्वारी कळवली.

दुसऱ्या दिवशी दाजी सगळ्यांसमोर माझ्या अंगावर आले. "एक बैल खाऊन शिकलास, आता दुसराबी खा!"

"दाजी, पोरीकडं बघा."

"बघतोय की! बैल मेल्यावर तिला काय तुझा बीएचा कागद शिजवून घालू?"

"त्याला काय, राव," मागून कोणीतरी म्हणाले, "सरकारचा जावई त्यो. त्याला कुठं नांगर धरायचाय!"

वाटपाला दाजी फिरकले नाहीत. अक्काने पदरात ज्वारी घेतली आणि घरी येऊन सुपात ओतली. दाजी उठले, दोन ओंजळी भरून घेतल्या आणि गोठ्याकडे निघाले. अक्का दारात आडवी उभी राहिली.

"त्यो तुमचा वाटा. आज तुमच्या ताटात भाकर पडायची न्हाई."

"नगं पडू दे."

ते पाणी पिऊन गोठ्यातच आडवे झाले. पाऊस पडेपर्यंत हेच चालले. ज्या दिवशी बैल खाई, त्या दिवशी दाजी उपाशी. मी माझी भाकरी पुढे केली, तर ती त्यांनी माझ्यासमोर बैलाला घातली.

पावसाळ्याच्या तोंडी पोर चालू लागली ती थेट गोठ्याकडे. दाजींनी तिला उचलून बैलाच्या पाठीवर बसवले. मी हसून पुढे गेलो, तर त्यांनी माझ्याकडे पाठ केली.