हातात द्यायचं नाही

पाळणाघर बंद पडलं तेव्हा आयाबाईंनी दारूच्या दुकानात नोकरी धरली, आणि सगळी गल्ली तोंडात बोट घालून बघत राहिली. मालकाला मात्र त्याच हव्या होत्या. अल्पवयीन पोराला बाटली विकल्याबद्दल त्याला एकदा दंड झाला होता. पुन्हा सापडला तर परवानाच जाणार होता. आणि आयाबाईंनी तर गावातल्या निम्म्या पोरांची नाकं पुसलेली. खोटी ओळखपत्रं घेऊन, नसलेल्या मिशांना पीळ देत येणारे वीर त्यांना बघताच पायाला पाय लावून पळत. एखादा रेटून उभा राहिलाच, तर त्या सगळ्यांदेखत विचारत, "आई बरी आहे का रे?" तेवढ्यावर काम भागे. बाई खमक्या होत्या, आणि ते त्यांना चांगलं ठाऊकही होतं.

एका संध्याकाळी एक शाळकरी पोरगा आला. त्याला बापाने पाठवलं होतं. बाप म्हणजे लाकडाचा व्यापारी, दुकानाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. गाडीतून उतरायचा त्याला कंटाळा आला होता. आयाबाईंनी पोराला रिकाम्या हाताने परत पाठवलं. हे गिऱ्हाईक तुटलं तर उद्यापासून तुम्हीही येऊ नका, असं मालकाने सरळ सांगून टाकलं. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? आयाबाई घाबरल्या, नाही असं नाही. पण बाटली काही फळीवरून खाली आली नाही.

तेवढ्यात व्यापारीच तणतणत आत आला, मागे पोरगा. पिणार मी, पोराचा नुसता हात लागणार, त्यात कायद्याच्या बापाचं काय जातं, असं तो म्हणाला. मालक त्याच्या होला हो करत राहिला.

"पोराच्या हातात द्यायची नाही, असाच कायदा आहे," आयाबाई म्हणाल्या. "आणि नसता तरी मी दिली नसती. तुझे वडील पिऊन तुला न्यायला यायचे, तेव्हा मी तुला त्यांच्या हातात देत नव्हते. आई येईपर्यंत माझ्या मांडीवर बसायचास तू. आता तुझ्याच मुलाच्या हातात बाटली कशी देऊ?"

पोरगा बापाकडे बघत होता; आजोबांचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

व्यापाऱ्याने त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं आणि बाटली स्वतः विकत घेतली. मालकाचा जीव भांड्यात पडला. "उद्या वेळेवर या हं, आयाबाई," तो म्हणाला.

दारापाशी व्यापारी थांबला. त्याने काचेतून गाडीकडे पाहिलं आणि पोराला दिसू नये म्हणून बाटली कोटाच्या आत सारली.