सात पडल्यावरही मी तिथेच उभी

आधी माफी मागते. माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण लोकांसमोर माझं तोंड उघडत नाही, आणि ही गोष्ट पोटात ठेवून आता जड झाली आहे.

ह्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. इथे ब्राउनश्वाइगमध्ये एका भारतीय हॉटेलात ते बारा वर्षं आचारी होते. मी त्यांच्या मागे या देशात आले आणि मागेच चालत राहिले. कुणाकडे गेलो की बोलायचे ते, मी हसायची. निघायची वेळ झाली की ते गुडघ्यांवर हात ठेवून म्हणायचे, "चला, निघू या," की मी पदर सावरून उभी. कंटाळा आलेला असो नाहीतर गप्पांत मन रमलेलं असो, मी त्यांच्या आधी कधी उठले नाही आणि त्यांच्या मागे कधी राहिले नाही. त्याआधी गावी थोरल्या जाऊबाई पानावरून उठल्या की आम्ही धाकट्या उठायचो. कुठून कधी निघायचं हे मी आयुष्यात स्वतः ठरवलंच नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर हे मला कळलं, तेही फार महागात.

शिल्लक होती ती त्यांच्या आजारपणात आणि अस्थी घेऊन गावी जाऊन येण्यात संपली. मी तीन इमारतींचे जिने पुसते आणि इथल्या मराठी मुलामुलींना पोळ्या करून देते. कुणी युनिव्हर्सिटीत शिकतं, कुणी गाड्यांच्या कंपनीत आहे. त्यांच्यातल्या नऊजणी आणि मी, अशी दहा बायकांची भिशी होती. महिन्याला शंभर युरो प्रत्येकी, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला हजार. पैसे गोळा माझ्याकडे व्हायचे. सगळ्या शिकलेल्या, फोनवर क्षणात पैसे पाठवणाऱ्या, पण म्हणायच्या, "नाही, भिशी म्हणजे नोटा हातात आणि मावशींच्या हातचं थालीपीठ." महिन्यातून एक दुपार माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मला बोलवायच्या, पण मी आपण होऊन आतल्या खोलीत तिळगूळ वळत बसायची. भिशीला तसं काही नव्हतं. भिशीत मी दहातली एक होते.

त्यांच्यातल्या एकीला चाळीस वर्षं झाली, तेव्हा सगळ्यांनी श्पीलबांकेत, म्हणजे इथल्या सरकारमान्य जुगारघरात, जायचं ठरवलं. रेल्वेने तासाभरावरच्या गावात ते आहे.

"मावशी, तुम्हीपण यायचं."

"मी काय करू तिथे?"

"आम्ही हरतो ते बघा आणि हसा. नाहीतरी आमच्या नवऱ्यांना तुम्हीच सांगणार आहात आम्ही कुठे होतो ते."

"दारात ओळखपत्र, आउसवाइस मागितलं की मावशी पळून जातील बघ," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मी पळाले नाही. ह्यांनी घेतलेली निळी साडी नेसून गेले.

तिथे एक लांबट, उंच काठाचं टेबल होतं. भोवती माणसं उभी राहतात आणि दोन फासे आळीपाळीने एकेकाच्या हातात येतात. असं टेबल या देशात फार ठिकाणी नसतं म्हणे, तिथेही शनिवारीच लावायचे. पहिल्याच फेकीला सात पडले तर जिंकलो. दुसरा एखादा आकडा पडला, समजा आठ, तर परत आठ येईपर्यंत फेकत राहायचं. पण मध्येच सात पडले की सगळ्यांचं गेलं, आणि फासे पुढच्याकडे.

फासे माझ्यासमोर आले तेव्हा माझे कान तापले. मी हळूच टाकले.

"मावशी, तव्यावर पोळी टाकताय का? जोरात!"

मग मी लहानपणी कवड्या फेकायचे तसे मूठ हलवून फेकले. किती वेळ फेकत होते मला आठवत नाही. सात येईनात. अनोळखी माणसं माझ्या फेकीवर ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाने कमरेत वाकून मला नमस्कारासारखं केलं. मी तोंडातून शब्द काढला नव्हता आणि तरी ती सगळी माझ्यावर खूश होती. परतताना माझ्या पर्समध्ये एकशे ऐंशी युरो होते. पण पैशांसाठी मी परत गेले असं म्हणणं खोटं होईल. घरी आल्यावर दिवा लावला, तेव्हा स्वयंपाकघर फारच शांत वाटलं. म्हणून गेले.

पुढचे काही शनिवार मी एकटीच जात राहिले. कुणाला सांगितलं नाही. कधी वीस घालवले, कधी तीस मिळवले. तिथला टेबलवाला मला ओळखून मान हलवायचा. या देशात माझ्याकडे बघून कुणी मान हलवली की मला दोन दिवस पुरायची.

मग एका शनिवारी दुपारी त्या महिन्याची भिशी झाली. चिठ्ठी आमच्यातल्या नाशिकच्या एका मुलीची निघाली. तिचा नवरा इथे पीएचडी करतो. दोघं एका खोलीत राहत होती आणि तिला सातवा महिना लागला होता. त्यांना दोन खोल्यांचं घर मिळत होतं. सोमवारी काउत्सिओन, म्हणजे घराचं डिपॉझिट, भरायचं होतं आणि त्यात हजार कमी पडत होते. पाय सुजले म्हणून ती त्या दुपारी आली नव्हती. मी फोनवर चिठ्ठी सांगितली तर रडायलाच लागली. "मावशी, देवासारखं झालं. उद्या सकाळी येते न्यायला."

परक्याचे पैसे घरात टाकून बाहेर जायचं नाही, ही माझी जुनी सवय. ते अंगावर हवेत. म्हणून सगळ्या गेल्यावर मी भिशीच्या हजाराचं पाकीट पर्समध्ये घातलं आणि संध्याकाळच्या गाडीने निघाले. जपण्यासाठी म्हणून बरोबर नेलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण खरं तेच आहे.

माझे दोनशे होते. ते तासाभरात गेले. तेव्हाच निघायला हवं होतं, आणि ते मला कळतही होतं. पण फासे दोन माणसांवर आले होते, पुढे माझी पाळी. पाळी आली असताना कसं जायचं? पंगतीत वाढपी समोर आल्यावर पान सोडून उठण्यासारखं वाटलं. मी पाकिटातून पन्नासची नोट काढली. उसने घेतले, असं मनात म्हटलं. टेबलवाल्याने तिच्या बदल्यात चकत्या सरकवल्या. मी फेकले, सहा पडले. परत फेकले, सात.

दुसऱ्यांदा निघायचं ठरवलं तेव्हा पाकिटातले तीनशे गेले होते. मी पर्स बंद केली. पण शेजारी ती पांढऱ्या दाढीची असामी होती, माझ्याकडे बघून हसली. एवढी ओळख झाल्यावर काही न बोलता पाठ फिरवायची? आपल्यात पाहुणा "येतो" म्हणतो आणि घरचे "या" म्हणतात, मग पाहुणा उंबरठा ओलांडतो. इथे मी कुणाला विचारू आणि मला "या" कोण म्हणणार? हसण्यासारखं आहे. पण मी खरंच तशी उभी होते, कुणीतरी निरोप देईल म्हणून. ह्यांची फार आठवण आली. ते असते तर गुडघ्यांवर हात ठेवले असते. नोटा एकेक करून बाहेर येत राहिल्या. हरलेलं परत आलं पाहिजे हा विचार तर होताच, पण त्याहून मोठं होतं ते हे अवघडलेपण.

पाकिटातल्या सातशेच्या चकत्या झाल्या तेव्हा फासे पुन्हा माझ्याकडे आले. शेवटच्या चकत्या मांडल्या आणि फेकले. चार. मग नऊ. मग सात. पलीकडचा एक तरुण कपाळावर हात मारून काहीतरी बोलला, चांगलं नसावं. टेबलवाल्याने काठीने फासे ओढून पुढच्याकडे नेले. पांढरी दाढी माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या बाईच्या हाताकडे बघत होती, आधी माझ्याकडे बघायची तश्शीच. माझी जागा रिकामी व्हायची वाट बघत मागे कुणीतरी उभं होतं. मी अर्धं पाऊल मागे घेतलं आणि ते माणूस मध्ये शिरलं. बस्स. एवढंच होतं. तिथून निघायला एवढंच लागत होतं, आणि ते मी पहिल्या तासात करू शकले असते.

सकाळी नाशिकची मुलगी नवऱ्याला घेऊन आली. मी चहा ठेवला होता.

"मावशी, बरं नाही का? डोळे बघा कसे झालेत."

मी पाकीट टेबलावर ठेवलं. "यात तीनशे आहेत. सातशे मी घालवले. जुगारात."

तिला आधी वाटलं मी थट्टा करते. नवऱ्याने पाकीट उघडून बघितलं. "आल्झो... म्हणजे..." एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

"तुम्ही? मावशी, तुम्ही?" ती म्हणाली. "सगळ्यांना मीच सांगायची, मावशींकडे ठेवलेलं बँकेपेक्षा बरं."

मी गळ्यातली पोत काढायला लागले. ती मी अजून घालत असे. तिने माझा हात धरला, जरा जोरातच. "नको. ते मला बघवणार नाही." मग जिन्यात तिचं रडणं ऐकू आलं आणि तो तिला म्हणत होता, "हळू उतर, हळू."

बाकीच्यांना मी फोनवरच्या आमच्या गटात लिहिलं. तीन ओळी लिहायला दुपार गेली. रात्री एकीने नुसते जोडलेले हात पाठवले. नाशिकच्या मुलीने कुणापुढे हात पसरला नाही, आणि सोमवारपर्यंत त्या दोघांना एवढी रक्कम जमवता आली नाही. घरमालक थांबला नाही, त्याने ते घर दुसऱ्यांना दिलं. बाळ त्या एका खोलीतच आलं. मी बघायला गेले नाही. मला कुणी या म्हटलं नव्हतं, आणि न बोलावता जायचं धाडस झालं नाही. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू केले होते ते दाराशी ठेवून आले.

त्याच आठवड्यात मी पुन्हा त्या गावी गेले आणि दारातल्या खिडकीपाशी स्वतःवर बंदी घालून घेण्याचा कागद मागितला. तिथल्या माणसाने दोनदा विचारलं, नक्की ना? मी जर्मनमध्ये म्हटलं, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी नक्की. त्याने कागद पुढे सरकवला.

भिशी बंद पडली. पुढे दुसऱ्या कुणाकडे सुरू झाली असं ऐकलं. पोळ्यांची गिऱ्हाइकं निम्मी राहिली. मी आणखी एका इमारतीचे जिने धरले, हिवाळ्यात बाहेरचं बर्फही ओढायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नाशिकच्या मुलीकडे पैसे न्यायची, कधी साठ, कधी शंभर. ती दारातच घ्यायची. आत बाळाचा आवाज यायचा, मी त्याच्या नावाची चौकशी कधी केली नाही. एकदा ती म्हणाली, "मावशी, घाई नाही." मी म्हटलं, "मला आहे."

नवव्या महिन्यात मी शेवटचे नव्वद नेले. या वेळी ती बाळाला कडेवर घेऊनच दारात आली. बाळाने माझ्याकडे टक लावून बघितलं. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, चौकटीवर नोटा टेकवून एकेक मोजली. मी दिलेले पैसे याआधी माझ्यासमोर कधीच कुणी मोजले नव्हते. मी उभी राहिले. मीही तिच्याबरोबर मनात मोजत गेले.

"नव्वद," ती म्हणाली. "सातशे पूर्ण झाले."